अर्नेक्स काफिझा: एस्प्रेसो मशीनमधलं खवट तेल काढणारी पावडर

बीन्स ताजे, ग्राइंडर चांगला आणि तरीही कॉफी खवट लागते? बीन्स बदलण्याआधी रिकामा पोर्टाफिल्टर (कॉफी भरून मशीनला लावायचा हँडलवाला भाग) लावून पांढऱ्या कपात नुसतं गरम पाणी सोडा. पाणी पिवळसर उतरलं किंवा त्याला वास आला, तर दोष मशीनचा. शॉवर स्क्रीनमागे, म्हणजे कॉफीवर पाणी सोडणाऱ्या जाळीमागे, कॉफीचं तेल साचून खवट होतं आणि दर शॉटचं, म्हणजे दर एस्प्रेसोचं, पाणी त्यातूनच उतरतं. डार्क रोस्टच्या कडूपणात हे झाकलं जातं, लाइट रोस्टमध्ये लगेच कळतं.

अमेरिकेतल्या अर्नेक्स कंपनीची काफिझा याच कामाची. तिच्यात मुख्यतः धुण्याचा सोडा आणि सोडियम परकार्बोनेट असतं. सोडा तेल सोडवतो, परकार्बोनेट गरम पाण्यात डाग उडवतं. क्षारांवर तिचा उपयोग शून्य. बोअरचं पाणी असेल तर डिस्केलिंग (साचलेले क्षार काढणं) वेगळं करावंच लागतं. उलट, लिंबूसत्वाने तेल निघत नाही.

साफ करायची पद्धत म्हणजे बॅकफ्लश. पोर्टाफिल्टरमध्ये ब्लाइंड बास्केट (भोकं नसलेली चाळणी) बसवून तिच्यात ३ ग्रॅम पावडर टाका. पंप १० सेकंद चालू, १० सेकंद बंद, असं पाच वेळा. पंप बंद झाला की दाब सोडणाऱ्या थ्री-वे व्हॉल्व्हमधून दाबाखालचं पाणी मागे फिरतं आणि घाण ड्रिप ट्रेत येते. मग पावडरशिवाय पुन्हा पाच वेळा, ट्रेत फेस दिसेनासा होईपर्यंत. त्यानंतरचा पहिला शॉट ओतून द्या. थ्री-वे व्हॉल्व्ह नसलेल्या मशीनवर हा प्रयोग अजिबात नको: दाब आतच अडकतो आणि पोर्टाफिल्टर सोडताना उकळतं पाणी हातावर उडतं.

पण नुसत्या बॅकफ्लशवर भागत नाही. मशीन गार असताना शॉवर स्क्रीनचा स्क्रू काढा. मागचा काळा थर बघितल्यावर वेगळं काही सांगावं लागणार नाही. स्क्रीन आणि बास्केट लिटरभर गरम पाण्यात चमचाभर पावडर घालून अर्धा तास भिजवा. पोर्टाफिल्टरचा धातूचा भागच बुडवा, हँडल बाहेर ठेवा. ॲल्युमिनियमचे भाग यात घालू नका, काळे पडतात. गॅस्केटच्या (पोर्टाफिल्टर बसतो तिथल्या रबरी कड्याच्या) खाचेतला चोथा मात्र ब्रशनेच निघतो.

चवीतला फरक दोन बाजूंनी येतो. खवटपणा जातो, हे एक. दुसरं, स्क्रीनची बुजलेली भोकं मोकळी झाली की पाणी कॉफीवर सगळीकडे सारखं पडतं. आधी ते एकाच बाजूने वाट काढत असतं, म्हणून एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही लागतं. बास्केटची भोकंही मोकळी होतात, त्यामुळे १८ ग्रॅमचा शॉट आधीपेक्षा लवकर उतरू शकतो. घाबरू नका, ग्राइंड जरा बारीक करा.

घरी रोज दोन-तीन कप होत असतील तर आठवड्याला एकदा पुरे. ई६१ ग्रुपच्या (लिव्हरने पाणी सोडणाऱ्या एका प्रकारच्या) मशीनला तर महिन्यातून एकदाच, कारण पावडर लिव्हरने फिरणाऱ्या कॅमवरचं ग्रीस धुऊन टाकते आणि लिव्हर करकरायला लागतो. एरवी नुसत्या पाण्याने बॅकफ्लश करा. स्टीम वँडसाठी (दूध तापवायच्या वाफेच्या नळीसाठी) ही पावडर नाही; दुधाचा थर काढायला वेगळं द्रावण मिळतं.

तक्रार एकच, डब्याची. ५६६ ग्रॅम घरासाठी फार. आठवड्याला ३ ग्रॅमच्या हिशेबाने तीन वर्षांहून जास्त पुरेल. कोकणातल्या पावसाळ्यात ओल लागली की गोळे होतात आणि परकार्बोनेटचा जोर कमी होतो. दोघा-तिघांनी मिळून एक डबा घ्यावा आणि आपापला वाटा हवाबंद बरणीत ठेवावा. बरणीवर नाव मात्र ठळक लिहा, पावडर साखरेसारखी पांढरी दिसते.