चहाला कुठलं पाणी, वरणाला कुठलं? बोअर, नळ, जार आणि पावसाचं

माझ्या मोठ्या बहिणीनं जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर तालुक्यात नवं घर बांधलं, तेव्हा तिच्या ओट्यापाशी तीन पाणी आली: अंगणातल्या बोअरचं, ग्रामपंचायतीच्या नळाचं आणि टेम्पोनं येणाऱ्या जारचं. पहिल्याच रविवारी वरण-बट्टीचा बेत होता. कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या तरी तुरीची डाळ दाणा न् दाणा वेगळी. शेजारच्या आजी डोकावून म्हणाल्या, “बोअरना पानीमा दाय शिजत नही. नयनं पानी ले.” म्हणजे बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, नळाचं पाणी घे. त्या दिवसापासून ताईचा प्रश्न एकच आहे, घरात आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारं यंत्र, बसवू की नको? तिच्यासारख्या विचारात असलेल्यांसाठी हे लिहितेय.

आधी जड पाणी म्हणजे काय ते बघू. आपल्या खानदेशात पायाखाली बराचसा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, आणि तापीकाठी गाळाची जमीन. पाणी खडकातून झिरपताना कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि त्यांच्या जोडीनं बायकार्बोनेट उचलून आणतं. पहिले दोन पाणी जड करतात, तर बायकार्बोनेट आम्ल मारतं. ही दोन कामं वेगळी आहेत, आणि चहा-डाळीचा सगळा हिशेब त्यांच्यावरच चालतो. टीडीएसचा पेन यातलं काहीच वेगळं करून सांगत नाही. पाण्यात एकूण किती विरघळलंय याचा तो अंदाज देतो, काय विरघळलंय ते नाही. पाचशे टीडीएसच्या दोन पाण्यांत एकात डाळ मऊसूत होईल आणि दुसऱ्यात टणक राहील.

घरच्या घरी करायची परीक्षा अशी. स्वच्छ बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, त्यात अंगाच्या साबणाचा बारीक किस टाका आणि जोरात हलवा. कपड्यांची पावडर नको, तिला जड पाण्यातही फेस येतो. फेसाऐवजी वर दह्यासारखा साका जमला तर पाणी जड. मग तेच पाणी लिटरभर घेऊन पातेल्यात दहा मिनिटं खळखळ उकळा, झाकून रात्रभर ठेवा. सकाळी ताईच्या पातेल्याच्या तळाशी बोटाला लागेल असा पांढरा भुगा बसला होता, पिठी रांगोळीसारखा. वरचं निवळ पाणी हलक्या हातानं ओतून पुन्हा साबण टाकला, तर या वेळी फेस आला. म्हणजे तिच्या बोअरचा जडपणा बहुतेक तात्पुरता, उकळल्यानं खाली बसणारा. उकळूनही फेस आला नसता तर तो सल्फेट-क्लोराइडचा कायमचा जडपणा, आणि तो चुलीवर जात नाही.

आता डाळ. कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं, म्हणून ती फुटत नाही. पाणी फारच जड नसेल तर कुकर हे बरंचसं झाकतो, दोन शिट्ट्या जास्त दिल्या की झालं. पण पंगतीला चुलीवर मोठ्या पातेल्यात वरण टाकायचं असेल तर पाणीच ठरवतं जेवण एकला की तीनला. इथे बोअर सरळ हरतं. नळाचं जिंकतं आणि जारचंही जिंकतं. जारचे पैसे डाळीवर घालायची मात्र गरज नाही. बोअरशिवाय पर्याय नसेल तर हरभरा किंवा चवळी रात्री मीठ टाकून भिजवा. मिठातला सोडियम थोडं कॅल्शियम हटवतो आणि सालं लवकर मऊ होतात. सोड्याची चिमूटही काम करते, पण तिनं बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि जरा हात सुटला की वरणाला साबणासारखी चव येते. चिंच-टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला, आंबट आधी पडलं की ती आणखी अडून बसते.

चहाचं उलट आहे. तिथे कॅल्शियमपेक्षा बायकार्बोनेट जास्त नडतं. बोअरच्या पाण्याचा बिनदुधाचा चहा पांढऱ्या कपात ओतून बघा: रंग लालसर न येता काळपट, मंद, आणि निवता निवता वर तेलकट दिसणारी साय. ते तेल नसतं. चहातली द्रव्यं, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट हवेशी मिळून तो पापुद्रा तयार करतात. लिंबाचे चार थेंब पिळले की रंग उजळतो आणि पापुद्राही धरत नाही, कारण आम्लानं बायकार्बोनेट संपतं. दूध-साखर-आलं घातलेल्या चहात रंगाचा दोष लपतो, चवीतला बोथटपणा राहतो. त्याच पत्तीचा जारच्या पाण्यातला चहा तांबडा आणि स्वच्छ येतो. मात्र फारच कमी क्षारांच्या पाण्यातला चहा मला पोकळ वाटतो. माझी पसंती मिश्रणाला आहे.

पाण्याचा हा हिशेब सगळ्यात बारकाईनं मांडला तो युरोपातल्या बिअर बनवणाऱ्यांनी, आणि मला तो फार उपयोगी वाटतो. झेक देशातल्या पिल्सेन गावचं पाणी अतिशय हलकं, त्यातून 1842 साली फिकट सोनेरी बिअर जन्मली. आयर्लंडच्या डब्लिनच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, तिथे काळपट भाजलेल्या धान्याची स्टाऊट बिअर रुजली, कारण भाजलेल्या धान्याचं आम्ल ते बायकार्बोनेट पेलतं. इंग्लंडच्या बर्टनचं पाणी जिप्समवालं आणि तिथली पेल एल ही कडवट बिअर गाजलेली. दुसऱ्या गावचे लोक मग स्वतःच्या पाण्यात मुद्दाम जिप्सम मिसळू लागले. हे तेच जिप्सम, जे आपण चोपण जमिनीत टाकतो. ज्यानं त्यानं आपल्या पाण्याला मानवेल तो पदार्थ धरला, किंवा पदार्थाला मानवेल तसं पाणी केलं. आपल्या ओट्यावर आपण दुसरं करू शकतो.

मिश्रणाचं गणित सोपं आहे. समजा बोअरचा जडपणा लिटरला 480 मिलिग्रॅम आणि जारचा 20. एक तांब्या बोअर आणि तीन तांबे जार घेतले तर (480 + 60) भागिले 4, म्हणजे 135. चहालाही बरं, डाळीलाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची स्वीकार्य मर्यादा 200 आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. टीडीएससाठी हेच आकडे 500 आणि 2000. मिश्रण स्वयंपाकाला चांगलं आहे, पण बोअरच्या पाण्यात दुसरा दोष असेल तर तोही मिश्रणात उतरतो, हे ध्यानात असू द्या.

तो दुसरा दोष माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, आणि जिभेला कळत नाही. केळी-कापसाच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं युरिया पडतो, तो नायट्रेट होऊन विहिरीत उतरू शकतो. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आणि तिला सूट नाही, कारण तान्ह्या बाळाच्या रक्तावर परिणाम होतो. फ्लोराइडची मर्यादा 1, अगदीच पर्याय नसेल तर 1.5. उकळून यातलं काही जात नाही, उलट पाणी आटतं तसं प्रमाण वाढतं. नेहमीसारखी तुरटी फिरवून गढूळपणा बसतो, नायट्रेट-फ्लोराइड नाही. म्हणून बोअरचं पाणी रोज पोटात जाणार असेल तर आधी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा हे काम करतात. नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त निघालं तर आरओ घ्यायचा, आणि त्या पाण्याची पिण्यासाठी मिसळामिसळ बंद. दोन्ही मर्यादेत आणि नळ नियमित असेल, तर ताईनं आरओवर खर्च करू नये असं मला वाटतं. घरगुती आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मला ते बघवत नाही. घेतलाच तर ते पाणी फरशी-भांड्यांना वापरा, झाडांना नको, त्यात क्षार साठलेले असतात.

नळाच्या पाण्याची तक्रार वेगळी. नदी-धरणाचं पाणी बोअरपेक्षा बहुधा हलकं, पण टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, वास, पावसाळ्यात गढूळ, आणि पाणी दोन-चार दिवसांनी येतं म्हणून साठवण. चहासाठी पातेल्यात काढून रात्रभर जाळी झाकून ठेवलं की वास बराचसा उतरतो. पण क्लोरिन गेला की राखणही गेली, म्हणून हे फक्त उकळायच्या पाण्याला करा, पिण्याच्या माठाला नाही. बिबड्यांची (ज्वारीच्या पापडांची) ज्वारी किंवा इडलीचं पीठ आंबवायलाही हेच रात्रीचं नळाचं पाणी मला बरं वाटतं. बोअरचं बायकार्बोनेट तयार होणारं आम्ल मारत राहतं, पीठ आंबायला उशीर लागतो.

जारबद्दल थोडक्यात: चवीला उत्तम, पण सुटा जार कुठे भरला आणि कसा धुतला हे विचारा. सीलबंद बाटलीवर बहुधा दिसतो तसा मानकाचा शिक्का त्यावर असेलच असं नाही.

आणि पावसाचं पाणी, ज्याचा विचार कोणी करतच नाही. शंभर चौरस मीटरच्या स्लॅबवर 600 मिलिमीटर पाऊस पडला तर हिशेबानं साठ हजार लिटर, गळती-वाफ धरूनही चाळीसेक हजार. हे सगळ्यात हलकं पाणी. पहिल्या दोन सरी सोडून द्यायच्या, गाळणीतून बंद टाकीत घ्यायचं, पिण्याआधी उकळायचं. मुरंबा-सरबताला आणि डाळीला याच्यासारखं दुसरं नाही.

ताईनं शेवटी गच्चीच्या पन्हाळीला पाइप जोडून हजार लिटरची टाकी भरली. वरण आता पावसाचं किंवा नळाचं. चहाला नळाचं रात्रभर ठेवलेलं, आणि नळ चुकला तर एकास तीन. ते प्रमाण तिनं ओट्यावरच्या फरशीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. बोअर धुण्याला आणि गुरांना. नायट्रेटचा अहवाल यायचाय, तोवर नातवाच्या दुधाच्या बाटलीत बोअरचा थेंब जात नाही.