लेकीचे दुधाचे दात, फ्लोराइड व्हार्निश आणि काळी दाढ: सहा-सात महिन्यांनंतरचा अनुभव

लेक साडेतीन वर्षांची आहे, नाशिकमध्ये गंगापूर रोडला लहान मुलांच्या डेंटिस्टकडे (पेडोडॉन्टिस्ट) न्यायला लागून सहा-सात महिने होत आले. आपल्याकडे दाढ ठणकल्याशिवाय पोरांना कोणी नेतच नाही, मग पहिल्याच दिवशी इंजेक्शन नि मशीन, आणि पोर कायमचं धसका घेतं. खरंतर पहिला दात आला की वाढदिवसाच्या आत एकदा दाखवून आणायचं असतं.

पहिल्या वेळी ट्रीटमेंट काहीच नाही. डॉक्टरांनी छोटा आरसा आधी तिच्याच हातात दिला, फिरणारा ब्रश तिच्या नखावर लावून दाखवला, गुदगुल्या झाल्या तशी ही खुदकन हसली, मग म्हणे चल आता दात मोजू. वीसच्या वीस मोजले आणि सोडून दिलं! दुसऱ्या वेळी स्वतःच खुर्चीवर चढली.

पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखे पांढरे पट्टे होते (म्हणजे किडीची सुरुवात), त्यावर फ्लोराइड व्हार्निश, म्हणजे दातावर ब्रशने लावायचा फ्लोराइडचा पातळ थर, लावलं, दोन मिनिटांचं काम, त्या दिवशी फक्त कडक-गरम काही द्यायचं नाही. एका दाढेला कीड होती तिथे एसडीएफ, म्हणजे चांदी असलेलं औषध. ड्रिलिंग नाही, पण किडलेली जागा कायमची काळी पडते हे आधीच सांगितलं होतं. सासूबाईंना ते काळं बघवत नव्हतं, पण परवाच्या चेकअपला कीड तिथेच थांबलेली, जागा टणक झालेली. पुढच्या दाताला असतं तर मीही दहादा विचार केला असता.

"दुधाचेच तर आहेत, पडतील" हे सगळ्यांनी ऐकवलं. पडतात हो, पण दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात, आधीच काढावी लागली तर शेजारचे दात सरकून पक्क्या दाताची जागा जाते.

घरी पेस्ट १००० पीपीएम फ्लोराइडची, आता वाटाण्याएवढी (तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढीच), आणि रात्री ब्रशनंतर फक्त पाणी. माहेर पिंपळगावचं, त्यामुळे बेदाण्यांचा डबा कायम भरलेला, ते दाढेत चिकटून बसतात म्हणून आता जेवणासोबतच देते, येताजाता नाही.

अपॉइंटमेंट सकाळचीच घ्या, संध्याकाळी पोरं पेंगुळलेली असतात नि वेटिंगही फार. आणि "मस्ती केलीस तर डॉक्टर सुई टोचतील" हे घरात कुणालाही बोलू देऊ नका, प्लीज. खर्चाचा प्रश्न असेल तर पंचवटीतल्या डेंटल कॉलेजमध्येही लहान मुलांचे दात बघतात, तिथे चौकशी करा.