व्हिनाइल की फायबर सिमेंट? अमेरिकेतल्या घराचं साइडिंग बदलताना पैसा नक्की जातो कुठे

न्यू जर्सी, बॉस्टन, शिकागो साइडला जुनी घरं घेतलेल्या आपल्या बऱ्याच मंडळींचं घोडं इथेच अडतं. साइडिंग, म्हणजे घराच्या बाहेरच्या भिंतींवरचं आवरण, बदलायचंय, एका कॉन्ट्रॅक्टरने २२ हजार सांगितले, दुसऱ्याने ४०, आणि घर तर तेच. एवढा फरक कशाचा? माझं मत असं की यात मटेरियलपेक्षा कोटेशनमध्ये काय धरलंय आणि काय गाळलंय याचाच वाटा मोठा असतो.

आधी माप स्वतः काढा. हे लोक ‘स्क्वेअर’मध्ये बोलतात, एक स्क्वेअर म्हणजे १०० स्क्वेअर फूट भिंत, आणि याचा तुमच्या कागदावरच्या लिव्हिंग एरियाशी थेट संबंध नाही. समजा दुमजली घर २५ बाय ४० फुटांचं आहे, तर परिघ १३० फूट, उंची १८ धरली की २३४० स्क्वेअर फूट झाले, वर १० टक्के वेस्टेज, म्हणजे जवळपास २६ स्क्वेअर, आणि गेबलचे (उतरत्या छपराखालच्या भिंतीचे) त्रिकोण वेगळे. खिडक्या बरेचदा वजाच करत नाहीत. हा आकडा हातात असला की प्रत्येक कोटेशनला स्क्वेअरच्या संख्येने भागायचं, मग खरी तुलना सुरू होते.

आता दोघांचे भाव, म्हणजे व्हिनाइल (प्लास्टिकचे पॅनल) आणि फायबर सिमेंट (सिमेंटमध्ये तंतू मिसळून केलेले बोर्ड) यांचे. अमेरिकेत दरवर्षी ‘कॉस्ट व्हर्सेस व्हॅल्यू’ रिपोर्ट निघतो, त्याच्या २०२४ च्या देशभराच्या सरासरीत १२५० स्क्वेअर फुटांचं काम ट्रिमसकट (कोपरे-खिडक्यांभोवतीच्या पट्ट्या धरून) व्हिनाइलमध्ये १७,४१० डॉलर आणि फायबर सिमेंटमध्ये २०,६१९ डॉलर धरलंय. म्हणजे पूर्ण काम धरलं तर फरक १८ टक्क्यांच्या आसपास, दुप्पट वगैरे अजिबात नाही. त्याच रिपोर्टप्रमाणे घर विकताना व्हिनाइलच्या खर्चाचे ८०.२ टक्के परत येतात, फायबर सिमेंटचे ८८.४. तुमच्या गावात आकडे वेगळे असतील, पण अंदाज यायला हे पुरेसं आहे.

व्हिनाइलचं मोठं सुख म्हणजे रंगकाम नाही, वर्षातून एकदा पाण्याने धुतलं की झालं. पण यात पातळ माल खूप खपवतात. ०.०४० इंच जाडी हा स्वस्तातला, मी तरी ०.०४४ च्या खाली जाऊ नका असंच सांगेन, कारण पातळ पॅनल उन्हात लाटेसारखा दिसतो आणि कडाक्याच्या थंडीत त्यावर काही आपटलं तर तडकतो. बार्बेक्यूचा ग्रिल भिंतीला खेटून ठेवला तर वितळतं, आणि शेजाऱ्याच्या लो-ई (उष्णता परतवणारा थर असलेल्या) काचेवरून परावर्तित होणारं ऊनसुद्धा ते वाकवू शकतं. बसवण्यातली खरी मेख खिळ्यात आहे. १२ फुटी पॅनल थंडी-उन्हात अर्धा इंचापर्यंत कमी-जास्त होतो, म्हणून खिळा स्लॉटच्या (पॅनलमधल्या लांबट भोकाच्या) मधोमध आणि किंचित सैल हवा. काम चालू असताना पॅनल हाताने डावीकडे-उजवीकडे सरकवून बघा, सरकला तर ठीक, घट्ट बसला असेल तर तिथल्या तिथे बोला, नाहीतर उन्हाळ्यात तो फुगणारच.

फायबर सिमेंट (जेम्स हार्डी हे नाव सगळीकडे ऐकाल) जळत नाही, वाळवी लागत नाही, दिसतं भारी. पण जड असतं, कापताना सिलिकाची धूळ उडते, मजुरी जास्त लागते. फॅक्टरी रंगाचा माल घ्या, जागेवर रंगवायचा घेतला तर स्वस्त वाटतं पण पुढे रंगकाम मागे लागतं, आणि फॅक्टरी रंगसुद्धा जन्मभर टिकत नाही. कापलेली प्रत्येक कड रंगवून सील करायलाच हवी, आणि बोर्ड जमिनीपासून ६ इंच वर हवा, नाहीतर खालून पाणी शोषून फुगतो. व्हिनाइल लावायची सवय असलेल्या टीमला हे काम देऊ नका प्लीज. एलपी स्मार्टसाइडसारखं इंजिनिअर्ड वुड (लाकडाचे तुकडे दाबून-चिकटवून केलेले बोर्ड) या दोघांच्या मधला पर्याय, वजनाला हलकं, पण लाकूडच आहे त्यामुळे पाण्यापासून जपावं लागतं.

आणि आता तो १८ हजारांचा फरक. स्वस्त कोटेशन बघा, त्यात जुनं साइडिंग काढणं आहे का की त्याच्यावरच नवीन ठोकणार? डंपस्टर (कचऱ्याचा मोठा डबा), हाउस रॅप (साइडिंगखालचं पाणी अडवणारं आवरण), खिडक्यांभोवतीचं फ्लॅशिंग (पाणी आत जाऊ न देणाऱ्या पट्ट्या), सोफिट-फेशिया (छपराच्या कडेच्या खालच्या आणि समोरच्या फळ्या) हे लिहिलंय का? जुनं उघडल्यावर आत कुजलेलं ओएसबी (भिंतीचा लाकडी चिपांचा बोर्ड) निघू शकतं, तेव्हा एका शीटचा (४ बाय ८ फूट) बदलायचा भाव आधीच लिहून घ्या, कारण भिंत उघडी पडल्यावर घासाघीस करायची ताकद आपल्या हातात राहत नाही. घर १९७८ च्या आधीचं असेल तर लेड पेंटचे (शिसं असलेल्या जुन्या रंगाचे) नियम लागतात, त्याचाही खर्च विचारा, आणि त्याहून जुन्या घरात ॲस्बेस्टॉसची टेस्ट करून घ्या.

पाच-सात वर्षांत घर विकायचं असेल आणि आसपासची सगळी घरं व्हिनाइलची असतील तर जाड व्हिनाइल आणि उत्तम फ्लॅशिंग, डोळे झाकून. पंधरा-वीस वर्षं राहायचं असेल, घरं दाटीने असतील, तर फायबर सिमेंट, पण अनुभवी टीम मिळाली तरच. बजेट तोकडं पडत असेल तर मटेरियल एक पायरी खाली आणा, हाउस रॅप आणि फ्लॅशिंगला मात्र हात लावू नका. आणि कुठलंही घेतलं तरी उरलेले पॅनल फेकू देऊ नका, एक बॉक्स गॅरेजमध्ये ठेवा, कंपन्या रंग बंद करतात आणि मग एका तुटलेल्या पॅनलसाठी अख्खी बाजू बदलायची वेळ येते.