उबुंटू २४.१०: एका गड्ड्यापासून दुसऱ्या गड्ड्यापर्यंत
आधी आमच्या नेटवाल्या पोराची माफी. बिचाऱ्याला चाटी गल्लीतल्या दुकानात दोन हेलपाटे घालायला लावले, वर चार शब्द सुनावले, आणि त्याचं न ऐकता बाराशेचा नवा राउटर आणला. प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला गेलं की ओळीओळीला ४०४, म्हणजे 'फाइल सापडत नाही'. यूट्यूब मात्र सुरळीत! तरी माझा संशय नेटवरच.

२०२५च्या गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सोलापूरच्या संक्रांतीच्या जत्रेच्या सुमारास लॅपटॉपवरचं विंडोज १० काढलं आणि त्याजागी उबुंटू ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची ठरवली. ऑक्टोबर २०२५ला त्याचे अपडेट बंद होणार म्हणून दुकानदार अडतीस हजारांचा लॅपटॉप गळ्यात मारत होता. तेवढ्या पैशांत माझ्याकडे चादरींचे गठ्ठे येतात. उबुंटूच्या पानावर दोन आवृत्त्या होत्या, वर २४.०४ एलटीएस आणि खाली २४.१०. एलटीएसमधला एल म्हणजे लाइट, हलकी, असं माझं मीच ठरवलं. शिवाय चारापेक्षा दहा मोठे. घेतली २४.१०.

सहा महिने इतके झकास गेले की शेजारच्या दोघांना मीच उबुंटूचा आग्रह केला. बिलं, हिशेब, मराठी टायपिंग, कुठेच अडलं नाही.

तर तो आकडा म्हणजे वर्ष आणि महिना. २४.१० म्हणजे ऑक्टोबर २०२४ची. एलटीएस म्हणजे लाँग टर्म सपोर्ट, ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते, तिला पाच वर्षं अपडेट. मधल्यांना फक्त नऊ महिने! माझी जुलै २०२५लाच संपली. पुढे तिची पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅमच्या फाइली, जुन्या आवृत्त्यांच्या सर्व्हरवर हलवतात, आणि माझा लॅपटॉप रिकाम्या घराची कडी वाजवत बसला. सूचना येत होत्या हो. २५.०४वर चला, असंही विचारलं होतं. पण गिऱ्हाईक समोर असताना खिडकी उघडली की मी फुली मारतो.

भाच्याला फोन केला. "मामा, कुठलं टाकलाव?" सांगितलं, तर हसतच सुटला. २४.१०वरून २४.०४वर मागे येता येत नाही, पुसूनच टाकावं लागतं. रविवार त्यात गेला. फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या, जवळपास सहा जीबी उतरवलं, आणि निम्म्यात लाईट गेली. बॅटरी तर केव्हाचीच मेलेली. पुन्हा पहिल्यापासून.

आता २४.०४ आहे. दिसायला अगदी तशीच, याचाच जास्त राग येतो. प्रिंटर चालू झाला, आणि २०२९पर्यंत बघायला नको. पुढची एलटीएस एप्रिल २०२६ची २६.०४, पण एलटीएसवाल्यांना तिचं बोलावणं तिची पहिली दुरुस्त आवृत्ती २६.०४.१ निघाल्यावरच येतं. तोवर मी हलत नाही.

त्या दोघा शेजाऱ्यांना अजून काही सांगितलेलं नाही. राउटर परत घेत नाहीत म्हणे.