रिकम्बंट एक्सरसाइज बाइक: दुखऱ्या गुडघ्याला सोसते, पण वजन एकटी उतरवत नाही

ट्रेडमिल घ्यावी की सायकल, याचं उत्तर गुडघ्यालाच विचारलं तर तो सायकल म्हणेल. सेन्सर बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यांवर झालेल्या मोजमापांत सपाटीवर चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पटीहून थोडा जास्त भार आढळला. जिना उतरताना तो साडेतीन पटीच्या आसपास गेला. ६० वॅटच्या हलक्या पॅडलिंगला मात्र तो जेमतेम १.२ पट होता.

पण हे आकडे साध्या, उभ्या एक्सरसाइज बाइकवरचे आहेत. पाठीला टेका आणि पुढे पॅडल असलेली रिकम्बंट घेतली म्हणून गुडघ्यावरचा भार आणखी निम्मा होतो, असं अजिबात नाही. तिचा फायदा आहे तो बसण्याचा. पाय उंच उचलून टांग मारावी लागत नाही, रुंद सीटमुळे बूड दुखत नाही, कंबर अवघडत नाही. वजन जास्त असलेला माणूस उभ्या बाइकवरून पंधरा मिनिटांत उतरतो तो बहुधा गुडघ्यामुळे नाही, त्या अरुंद सीटमुळे. इथे तो अर्धा तास बसू शकतो, आणि वजनाच्या हिशेबात त्या जादा पंधरा मिनिटांनाच किंमत आहे.

या टेक्याचाच एक तोटा आहे, तो विकणारा सांगत नाही. उभ्या बाइकवर फार जोर लावला तर माणूस सीटवरून उचलला जातो, म्हणजे जोराला आपोआप मर्यादा पडते. इथे पाठ रेटून पॅडल कितीही दाबता येतं. लेव्हल, म्हणजे पॅडलचा जडपणा, जास्त ठेवून सावकाश रेटत बसलं की सगळा ताण गुडघ्याच्या वाटीमागे जातो. म्हणून लेव्हल हलकी आणि फेरे मिनिटाला ६० ते ८०, हीच दुखऱ्या गुडघ्याची चाल. पहिल्या लेव्हललाही पॅडल जड वाटत असेल तर ते मॉडेल दुकानातच सोडून द्या.

सीटचं अंतर नीट लावलं नाही तर बाकी सगळं वाया. पाठ टेक्याला पूर्ण चिकटवून बसा, टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल सर्वांत लांब न्या. त्या वेळी गुडघा सरळ व्हायला हवा, पण कुल्ला एका बाजूला सरकता कामा नये. मग पाऊल नेहमीसारखं, म्हणजे चवड्याने पॅडलवर ठेवलं की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. तेवढा पुरे. वाटीपुढे दुखलं तर सीट जवळ आहे किंवा लेव्हल जड आहे. गुडघ्यामागे ओढ बसली तर सीट लांब आहे. आतल्या बाजूला दुखत असेल तर पावलं बघा: बोटं बाहेर वळवून पॅडलचा पट्टा करकचून आवळलेला असतो. पट्टा एक भोक सैल करा, पाऊल स्वतःची दिशा शोधतं. बदल एका वेळी एकच, आणि दोन-तीन वेळा चालवून मगच पुढचा.

स्वस्त मॉडेलमध्ये सीटच्या रुळावरची भोकं लांब-लांब असतात आणि नेमकं हवं ते अंतर दोन भोकांच्या मधे येतं. अशा वेळी कुल्ला सरकत नसेल तर लांबचं भोक घ्या. पिन भोकात ‘खट्’ करून बसली का, हे सीट हलवून बघा. अर्धवट बसलेली पिन जोर लावताच सुटते आणि सीट झटक्याने मागे जाते. दुखऱ्या गुडघ्याला तेवढा एक हिसका पुरतो.

सुरुवात दहा मिनिटांची, लेव्हल एक, एक दिवसाआड. दर तिसऱ्या खेपेला दोन मिनिटं वाढवत तीस मिनिटांपर्यंत जा. वेळ आणि लेव्हल एकाच आठवड्यात वाढवू नका. चालवताना दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं चालवून घेता येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला किंवा नेहमीपेक्षा जास्त आखडलेला असेल, तर आदल्या खेपेच्या वेळेवर परत या.

डिस्प्ले हा या यंत्राचा सर्वांत थापाड्या भाग. बरीच मॉडेलं वजन विचारतच नाहीत, नुसत्या फेऱ्यांवरून कॅलरी ठोकून देतात. हिशेब हातानेच केलेला बरा. ५० ते ९० वॅटच्या पॅडलिंगला साधारण ४.८ मेट धरतात, म्हणजे नुसतं बसून राहण्याच्या ४.८ पट खर्च. ८० किलोचा माणूस अर्ध्या तासात सुमारे १९० किलोकॅलरी खर्च करतो. त्यातल्या ४० तर नुसतं बसूनही गेल्याच असत्या, म्हणजे निव्वळ दीडशे. आठवड्यातून पाच दिवस चालवली तर साडेसातशे. किलोभर चरबीत ७,७०० किलोकॅलरी धरल्या तर एक किलो जायला दहा आठवडे लागतात, तेही खाणं तसूभर न वाढवता.

गुडघ्याची झीज आणि जास्त वजन असलेल्या ४५४ जणांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अठरा महिन्यांच्या चाचणीतही हेच दिसलं. नुसत्या व्यायामाने वजन सरासरी २ टक्के घटलं, आहार आणि व्यायाम मिळून ११.४ टक्के. त्यामुळे ‘सायकल घेतली, आता जेवणाचं बघायला नको’ असं ठरवणाऱ्याने ती घेऊच नये. मांडीच्या ताकदीसाठी ती ठीक आहे, कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूंना मात्र फारसं काम देत नाही. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, दहाचे तीन सेट, हे वेगळं करावंच लागतं.

जोडणीत दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेने आवळतं. पॅडलच्या टोकाला कोरलेली ‘एल’ आणि ‘आर’ ही अक्षरं न बघता पाना लावला की क्रँकचे, म्हणजे पॅडल ज्या दांड्यात बसतं त्याचे, आटे जातात, आणि मग क्रँकच बदलावा लागतो. दुसरा घोळ रेझिस्टन्सच्या, म्हणजे पॅडल जड-हलकं करणाऱ्या, तारेचा. नॉब फिरवूनही फरक पडत नसेल तर खांबाच्या जोडापाशी तारेचा हूक सुटलेला असतो किंवा खांब बसवताना तार चेपलेली असते. आठवडाभर वापरून झाल्यावर पॅडल आणि क्रँकचे बोल्ट पुन्हा आवळा. ‘कट-कट’ आवाज बहुतेक वेळा तिथूनच येतो.

ज्यांचा गुडघा साधारण ११० अंशांपर्यंत वाकत नाही, त्यांना पॅडलचा पूर्ण फेरा जड जातो. त्यांनी आधी फिजिओथेरपिस्टकडून वाक वाढवून घ्यावा, किंवा छातीभर पाण्यात चालावं. तिथे शरीराचा जेमतेम एक-तृतीयांश भार पायांवर येतो. गुडघा मधेच अडकत असेल, दगा देत असेल, गरम होऊन सुजला असेल किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर सायकलचं बुकिंग थांबवून आधी डॉक्टरला दाखवा.