अंगाईची टेप आणि खिशात मावणारा यूएसबी कॅसेट कन्व्हर्टर

लग्नात म्हटलेली गाणी, पहिल्या वाढदिवसाचा गोंधळ, बाळाला झोपवताना भरून घेतलेली अंगाई. अशा कॅसेटी कपाटात आहेत, पण वाजवायला टेपरेकॉर्डर उरलेला नाही, त्या घरांसाठी हे यंत्र विकलं जातं. वॉकमनएवढा प्लास्टिकचा डबा, एका बाजूला यूएसबीची तार, दुसरीकडे हेडफोनचं भोक. कॅसेट घाला, बटण दाबा, फाइल तयार, असं खोक्यावर लिहिलेलं असतं. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत.

निकाल आधीच सांगून टाकतो. कुठल्या टेपवर काय आहे याची यादी करायला हे यंत्र झकास. पण ज्या टेपची दुसरी प्रत कुठेच नाही, ती याच्या भरवशावर सोडू नये, निदान पुढची खटपट केल्याशिवाय तरी नाही. विकतच्या गाण्यांच्या कॅसेटी यात घालण्यात वेळ घालवू नका. ती गाणी याहून स्वच्छ रूपात बहुतेकदा मिळतात. 60 मिनिटांची टेप उतरवायला 60 मिनिटंच लागतात, तेव्हा तो तास घरी भरलेल्या टेपला द्यावा.

सगळ्यात मोठी खोट वेगात. कॅसेटची फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकायला हवी. इथे मोटर हलकी, रबरी पट्टा बारीक आणि फ्लायव्हीलला, म्हणजे वेग एकसारखा ठेवणाऱ्या चाकाला, वजन असं नाहीच. त्यामुळे वेग दोन-तीन टक्के पुढेमागे असणं नेहमीचं. सुमारे 6 टक्के वेग वाढला की काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं. वाद्यवृंदाच्या गाण्यात हे खपून जाईल. ओळखीच्या माणसाच्या आवाजात खपत नाही. आजी अचानक तरुण वाटायला लागते, आणि काय बिघडलंय ते नेमकं सांगता येत नाही. पुष्कळ मोटरींच्या पाठीमागे बारीक भोक असतं, आतला स्क्रू फिरवून वेग जुळवता येतो. तो केसभरच फिरवायचा.

जुळवायचा कशाशी? मूळ टेपरेकॉर्डर विजेवर लावून भरलेल्या टेपमध्ये बहुधा विजेची घरघर उतरलेली असते. जिथे वीजपुरवठा 50 हर्ट्झचा, तिथे ती 50 वर किंवा तिच्या पटीत, म्हणजे 100, 150 वर दिसायला हवी; 60 हर्ट्झच्या देशात 60 आणि 120 वर. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये शांत तुकडा निवडून स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या हर्ट्झवर किती आवाज आहे त्याचा आलेख, काढा. शिखर 103 वर दिसलं तर वेग 3 टक्के जास्त आहे, तेवढा सॉफ्टवेअरमध्येच कमी करा. यात भरणाऱ्या यंत्राची चूकही आपोआप निघून जाते. फक्त टेप थांबवूनही एकदा पाहा, नाहीतर आत्ताच्या तारेतली घरघर जुनी समजून बसाल. आवाज लहरत असेल, स्वर डुलत असतील, तर मात्र ते असं सुटत नाही. ती पट्ट्याची आणि हलक्या चाकाची कृपा.

दुसरी गोष्ट हेडच्या, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाच्या, तिरकेपणाची. घरच्या टेपरेकॉर्डरचं हेड ज्या कोनात होतं त्याच कोनात टेप भरली गेली, आणि या यंत्राचं हेड वेगळ्या कोनात आहे. मग आवाज उशीतून आल्यासारखा येतो: ‘स’, ‘श’ बोथट, टाळ्या मऊ. हेडच्या शेजारी, स्प्रिंगवर बसवलेला बारीक स्क्रू असतो. टेप वाजत असताना, हेडफोन लावून, तो पाव-पाव फेरा इकडेतिकडे करा आणि ‘स’ जिथे सगळ्यात धारदार ऐकू येईल तिथे थांबा. हे प्रत्येक टेपला नव्याने करावं लागतं. काही डब्यांत झाकण लावल्यावर हा स्क्रू हाताशी येतच नाही. असं यंत्र या कामासाठी घेऊच नये. कोन न जुळवता दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो केलं की वरचे सूर एकमेकांना खातात, आणि एकदा गेलेले ते परत येत नाहीत. ऑटो-रिव्हर्स, म्हणजे कॅसेट न काढता दुसरी बाजू वाजवण्याची सोय, असेल तर तीही वापरू नका. उलट दिशेला कोन बदलतो, म्हणून कॅसेट हाताने पालटावी.

टेप घालण्याआधी कॅसेटचं तोंड उजेडात धरून पाहा. मधोमध धातूच्या बारीक पातीवर फेल्टचा नखाएवढा तुकडा असतो, तोच फीत हेडवर दाबून धरतो. जुन्या कॅसेटीत गोंद सुकून तो गळून पडलेला असतो, आणि मग आवाज मध्येच बुडतो. हेड खराब झालं असं समजून लोक यंत्र परत करतात, दोष कॅसेटचा असतो. दुसऱ्या कॅसेटीतला पॅड काढून बसवा, किंवा स्क्रूवाली रिकामी कॅसेट घेऊन दोन्ही रिळं त्यात हलवा. रिळांवर पांढरी बुरशी दिसली तर टेप वाजवूच नका. हेडला लागून ती पुढच्या कॅसेटीत जाते. ठीक दिसणारी टेप आधी एकदा शेवटापर्यंत पळवून परत गुंडाळा, चिकटलेले वेढे सुटतात. C-120, म्हणजे 120 मिनिटांची टेप असेल तर हेही जपून, तिची फीत जेमतेम 9 मायक्रॉनची. मागच्या कडेचे दोन टॅब मोडलेले नसतील तर मोडा. कन्व्हर्टर टेप पुसत नाही, पण तीच टेप उद्या कुणाच्या जुन्या डेकमध्ये गेली आणि चुकीचं बटण दाबलं गेलं तर संपलंच.

हेड आणि फीत ओढणारा दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, रबरी रोलर साबणाच्या कोमट पाण्याने. अल्कोहोलने रबर कालांतराने कडक होतं.

पेनड्राइव्हवर थेट एमपी3 करणारे प्रकार शक्यतो टाळा. त्यांत शांतता आली की नवी फाइल सुरू करण्याची सोय असते. अंगाई म्हणणारी बाई दोन ओळींत श्वास घेते, यंत्राला वाटतं गाणं संपलं, आणि पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर गायब. बंद करता येत असेल तर बंद करा. संगणकावर घेताना डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी फाइल), 44.1 किंवा 48 किलोहर्ट्झ, जे यंत्र देईल ते. 24 बिट निवडून फायदा नाही, आतला कन्व्हर्टर बहुधा 16 बिटचाच असतो. मिनिटाला साधारण 10 एमबी जागा लागेल. पातळी यंत्राच्याच चक्राने लावायची: सगळ्यात मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या आसपास. लग्नाच्या टेपमध्ये माइक तोंडाशी धरलेली माणसं असतातच, म्हणून शांत सुरुवातीवरून पातळी ठरवू नका. मोटरची शिट्टी ऐकू आली तर यूएसबीऐवजी सेलवर चालवून पाहा.

क्रोम टेप (साध्या टेपहून वेगळ्या लेपाची, खोक्यावर बहुधा तसं लिहिलेलं असतं) इथे जास्त टोकदार वाजते, कारण यंत्राला साध्या टेपचीच जुळणी माहीत असते. वरचे सूर सॉफ्टवेअरमध्ये चार-साडेचार डेसिबल उतरवले की पुरे.

मूळ फाइल जशीच्या तशी ठेवून, प्रतीवरच साफसफाई करा. नॉइज रिडक्शन, म्हणजे सरसरीचा नमुना घेऊन ती सगळीकडून कमी करणारी सोय, 6 डेसिबलच्या वर नेलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. आणि नमुना म्हणून तुकडा निवडताना नीट ऐका: पाळण्याची कुरकुर, बाळाचा श्वास तेवढ्या वेळात आला असेल, तर सॉफ्टवेअर तो सगळ्या टेपमधून खरवडायला निघेल. निव्वळ फितीची सरसर असलेली दोन सेकंदं पुरतात. ती बहुतेकदा टेपच्या अगदी सुरुवातीला, माइकवर हात लागल्याच्या आवाजाच्या आधी सापडतात.