धुराचं मशीन: आठ महिने वापरल्यावर, आणि पस्तीस तासांच्या भांडणानंतर

मंगळवारी दुपारी गॉलब्लॅडर लिव्हरपासून निम्मं सुटलं होतं, तेवढ्यात आमचा स्मोक इव्हॅक्युएटर, म्हणजे ऑपरेशनमधला धूर ओढून गाळणारं मशीन, तीनदा टुंग-टुंग करून गप्प झाला. पडद्यावर लाल अक्षरं: फिल्टर संपला. फिल्टर बसवून जेमतेम पाच आठवडे झाले होते. किंमत अठरा हजार, वर जीएसटी. त्याच रात्री हे लिहायला घेतलं. मधे तीन आठवडे गेले, मत थोडं बदललं. पण रागात लिहिलेलं खोडत नाही.

मी भूलतज्ज्ञ. तालुक्याच्या गावी वीस खाटांचं हॉस्पिटल, सर्जन म्हणजे नवराच, आणि चेकवर सही माझी. महिन्याला पंधरा-सोळा लॅप्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची ऑपरेशनं, होतात. अतिबारीक कण अडवणारा यूल्पा फिल्टर, कोळशाचा थर, पायातलं पेडल वगैरे माहितीपत्रकातलं सगळ्यांना पाठ असतं, ते उगाळत नाही.

मशीन घेण्याआधी काय चालायचं ते मात्र सांगायला हवं. पोट फुगवायला १२ च्या प्रेशरला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) भरलेला, हुकने लिव्हरवर कॉटरी, म्हणजे विजेने जाळून कापणं, सुरू झाली की दोन मिनिटांत मॉनिटरवर महाबळेश्वरचा जुलै. मग "सिस्टर, नळ सोडा!" की पोर्टमधून, म्हणजे पोटात खुपसलेल्या नळीतून, फुस्स करून सगळा धूर कॅमेरा धरलेल्या सिस्टरच्या तोंडावर. साधा मास्क असल्या धुरापुढे काय करणार! या धुरात ९५ टक्के नुसती वाफ असते. भीती उरलेल्या पाच टक्क्यांची. बेन्झीन, फॉर्मल्डिहाइड, हायड्रोजन सायनाइड, शिवाय जळलेल्या पेशींचे कण. रात्री घरी आल्यावर माझ्या केसांना तोच जळकट वास यायचा.

२०२० मध्ये कोविडच्या धास्तीने आम्ही जुगाड केला होता. पोर्टच्या नळाला ट्यूब, मधे माझ्या व्हेंटिलेटर सर्किटचा व्हायरल फिल्टर, आणि ट्यूबचं टोक हायपोक्लोराइटच्या (जंतुनाशकाच्या) बाटलीत बुडवलेलं. शे-दीडशे रुपयांत काम. "हे असताना दीड लाख कशाला?" हा नवऱ्याचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. फक्त त्यात ओढ नव्हती, पोटातलं प्रेशर ढकलेल तेवढाच धूर बाहेर. आणि भिंतीवरचं सक्शन लावावं, तर पोटच बसतं.

पोट बसणं तसं नव्या मशीननेही पहिल्याच दिवशी करून दाखवलं. सेटिंग ओपन सर्जरीचं राहून गेलेलं. प्रेशर १२ वरून ४ वर, पोटात गॅस भरणाऱ्या इन्सफ्लेटरचा आरडाओरडा, आणि त्याच्या वरताण आमच्या सर्जनचा. लॅपचा मोड सापडल्यावर मात्र पडदा काचेसारखा. आधी धुरामुळे दर पाच मिनिटांनी स्कोप बाहेर काढून पुसायला लागायचा, आता एका केसमध्ये एखाद-दुसऱ्यांदा. नवरा कबूल करत नाही, पण ओटीत (ऑपरेशन थिएटरात) त्याचा आवाज खाली आलाय.

आता फिल्टर. त्यात एक चिप आहे आणि ती ३५ तास मोजते. फिल्टर भरला का, ओला झाला का, याच्याशी तिला देणंघेणं नाही. तास भरले की बंद. कंपनीला फोन केला. "मॅडम, फिल्टर कन्झ्युमेबल आहे, वॉरंटीत येत नाही." म्हटलं, तो चोंदलाय की नुसतं घड्याळ संपलंय एवढं सांगा. पलीकडे शांतता. मग त्याने ०.१२ मायक्रॉनचे कण ९९.९९९ टक्के अडवतो, असा पाढा सुरू केला. कॉटरीचे कण साधारण ०.०७ मायक्रॉनचे, म्हणजे त्याहून बारीक, मग ते कसे अडतात? हेही त्याला येईना. (अडतात. फिल्टरमधून निसटायला सगळ्यात सोयीचा आकारच ०.१२ च्या आसपास, म्हणून मोजमाप तिथलं देतात. हे विकणाऱ्याला मी सांगायचं!)

चार दिवस फोनवर भांडले. शेवटी एक दिवस सकाळी आठलाच ओटीत जाऊन बसले. ओटीची साफसफाई बघणारे मामा आले, त्यांनी लाद्या पुसल्या आणि शिस्तीत एकेक मशीन चालू केलं: कॉटरी, लाइट सोर्स, मॉनिटर आणि हेही. पेशंट टेबलावर यायला अजून तास होता. केस संपल्यावर ड्रेसिंग, शिफ्टिंग, चहा. हे आपलं रिकाम्या खोलीतली हवा गाळतंय. एका केसमागे दोन तास. प्रत्यक्ष धूर वीस मिनिटांचा. मामांना तरी काय बोलणार, सगळं तयार ठेवायला मीच सांगितलेलं.

शुक्रवारी पुण्याहून इंजिनिअर आला. त्याने खोक्याच्या तळातून एक सेन्सरची वायर काढली, प्लॅस्टिक न फोडलेली. ती कॉटरीच्या वायरला चिमट्यासारखी लावायची. कॉटरी चालली की मशीन सुरू, थांबली की काही सेकंदांनी बंद. आठ महिने ती तशीच पडून! मी ओशाळले, पण निम्मीच. डेमोच्या दिवशी पेढे खाऊन गेलेल्या माणसाने ही वायर दाखवायला नको?

म्हणजे माझी अर्धी तक्रार मागे. उरलेली अशी: आमचा सेन्सर हार्मोनिकला (कंपनांनी कापणाऱ्या हत्याराला) ओळखत नाही, तिथे पेडलच मारावं लागतं. फुल स्पीडला घरघर इतकी की पल्स ऑक्सिमीटरचा सूर ऐकू येत नाही. मी पेशंटवर निम्मं लक्ष कानानेच ठेवते, त्यामुळे स्पीड मध्यमच्या वर नेऊ देत नाही. सीओटूचा सिलेंडर पंधरा दिवस पुरायचा, आता दहा-अकरा. आणि चिपचं घड्याळ मला अजूनही मान्य नाही.

नवीन फिल्टरवर सहा केसेस झाल्या, ३५ चे ३३ तास उरलेत. बटणावर मी चिकटपट्टी लावली होती. मामांनी तिच्यावर पेनाने लिहून ठेवलंय, ‘मॅडमना विचारून’.